मगदल्ला बंदरावरचे रविवार

आप्पांचा पाय शेवाळलेल्या पायरीवरून घसरला, आणि मी पुढे धावण्याआधीच कुणीतरी त्यांना कमरेला धरून सावरलं.

"हळू, बाबा. पायरी वल्ली शे," तो म्हणाला. निळा गणवेश, रात्रपाळीनं तांबारलेले डोळे... हसू मात्र ताजं.

सुरतेत आपली अहिराणी ऐकून आप्पा खुलले. "कोन गावना शेस रे तू?"

"शिरपूरना."

नाव गजेंद्र. इच्छापोरच्या कारखान्यात फिटर.

आप्पांना, माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून दर रविवारी सकाळी मी त्यांना दिंडोलीहून मगदल्ल्याच्या जुन्या बंदरावर फिरायला आणत होते. तापीवरचा खारट वारा त्यांना मानवायचा. पुढच्या रविवारी गजेंद्र तिथेच उभा. त्याच्या पुढच्याही.

"कारखान्याची बस इथून जाते वाटतं?" मी विचारलं.

"नाही जात. अलीकडे उतरतो, मग चालत येतो. फिरणं तब्येतीला चांगलं असतं म्हणे."

"रात्रभर उभं राहून झाल्यावर?"

"सोबत कोण आहे त्यावर असतं..."

मी ओढणी सारखी करण्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

पाचव्या रविवारी आप्पा बाकावरच बसले. "तुम्ही फिरी या," म्हणाले. ओहोटीच्या चिखलात होड्या कलंडल्या होत्या. धक्क्याच्या टोकाशी गजेंद्र थांबला.

"धनश्री, माझ्याशी लग्न करशील?"

हो म्हणावंसं फार वाटलं. पण मी म्हणाले, "आप्पांना माझ्याशिवाय कुणी नाही. त्यांना सोडून मी कुठेच जाणार नाही."

तो आप्पांच्या बाकाकडे परत वळला. पुढच्या रविवारी तो आला नाही. बरंच झालं, असं मी स्वतःला सांगत राहिले — आणि दिसेल त्या निळ्या गणवेशाकडे वळून पाहत राहिले.

त्यानंतरच्या रविवारी तो आला. "शिरपूरला गेलो होतो. लग्नानंतर दिंडोलीत राहू का, असं आईला विचारायला."

"मग?"

"म्हणाली, धाकटा आहे माझ्याजवळ, तू खुशाल राहा. तुमच्याच गल्लीत खोली बघतो."

"लोक घरजावई म्हणतील."

"म्हणू देत."

मागे काठी वाजली. बाकावर असतील असं मी समजत होते, ते आप्पा अगदी पाठीशी उभे होते.

"खोली कसाले?" ते म्हणाले. "आम्हना वरना मजला रिकामाच शे."

गजेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. "घरमालक तयार आहेत. मुलगी काय म्हणते?"

"मुलगी म्हणते... आधी घरी चल. जिना अरुंद आहे. तुझं कपाट वर चढेल का, ते बघून घे."