कॅमेऱ्यामागचा निहार

चारकोपच्या मासळीबाजारात एका सकाळी एक पोरगा काठीवर गोळा खोचून शिरला, आणि मंजुळाला वाटलं, वजनकाटे तपासणारा आला. तिने घाईघाईने पारडं पुसलं. शेजारी कोलंबी सोलत बसलेल्या तिच्या लेकीने, रोशनीने, मात्र आधी त्याचे बूट बघितले. पांढरे बूट घालून मासळीबाजारात! हे गिऱ्हाईक नव्हे.

"हा कॅमेरा आहे," पोरगा म्हणाला. "चारी बाजूंचं एकदम टिपतो. मी निहार. काढू का थोडं?"

"काढ की. पण आधी पापलेट घे," रोशनी म्हणाली.

त्याने घेतलं. मग दर रविवारी घेऊ लागला. रोशनीने माहिती काढली, तर निहारच्या घरी अंडंसुद्धा शिजत नव्हतं; पिशवी थेट विकी नावाच्या दोस्ताकडे जायची. म्हणजे पापलेट हे निमित्त. पण कशाचं? माणूस भाव करायला लागला की रोशनी त्याच्या पोटातलं ओळखायची. हा तर भावच करत नव्हता. मालाडचं ऑफिस, कॅमेरा, उकाडा... यापलीकडे पठ्ठ्या बोलेल तर शपथ!

आणि आता रोशनीला मढच्या होडीवाल्यांचं स्थळ आलं होतं. मुलगा कृणाल सरळ, कष्टाळू, देखणा. नाव ठेवायला जागा नाही. मंजुळाला आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

नेमका त्याच दुपारी, बाजार ओसरल्यावर, निहार उगवला. हातात डोळ्यांना बांधायचा काळा प्लास्टिकचा हेडसेट. मागच्या महिन्यात त्याने यांच्या कोळीवाड्यातली नारळी पौर्णिमा टिपली होती, ती आज तयार झाली होती. त्याने स्वतःचा मोबाइल हेडसेटमध्ये सरकवला.

"हा डबा डोळ्यांना बांधू? वेल्डिंगवाली दिसेन मी!"

"बघ तर आधी. मग बोल."

पट्टा आवळताना त्याची बोटं तिच्या केसांपाशी अडखळली... नाकावर डबा जड लागला, चित्र जरा दाणेदार वाटलं. आणि मग — बाजारच गेला! पायांखाली पुळण, डोक्यावर आभाळ, मान वळवावी तिकडे पताका लावलेल्या होड्या. शेजारची कमलमावशी इतक्या जवळून गेली की रोशनीने तिला वाट द्यायला अंग चोरलं.

"अगं आई गं... झकास रे! अख्खा किनारा कोंबलास की यात!"

"समोर बघ. आता नारळ सोडतील."

पण जिचा जन्म मासळीच्या टोपलीपाशी गेला, ती मागे बघितल्याशिवाय राहत नाही. मांजर कायम मागूनच येतं. रोशनी गर्रकन वळली.

मागे, चित्रातच, निहार उभा होता, हातात कॅमेऱ्याची काठी धरून. सगळा कोळीवाडा समुद्राकडे बघत होता, आणि हा भलतीकडेच. रोशनीने त्याच्या नजरेच्या रोखाने मान फिरवली. तिथे हिरव्या लुगड्यात, अबोलीचा गजरा सावरत, ती स्वतः उभी होती.

ती पुन्हा त्याच्याकडे वळली. नारळ पाण्यात पडला, ताशा कडाडला, पोरं ओरडली. पठ्ठ्याची नजर काही हलेना.

बरं झालं, डब्याआड तिचे डोळे कुणाला दिसत नव्हते.

"निहार... मागे हा ठोंब्या कोण उभा आहे रे?"

"मागे? मागे कुणी —" त्याने कपाळाला हात लावला. "वाट लागली! चित्रातून स्वतःला पुसायचं राहिलं."

"किती जणांनी बघितलं?"

"कुणीच नाही. पहिली तूच."

"मग राहू दे त्याला. तो तिथे नुसता बघतोय, तू इथे बोल. मढचं स्थळ आलंय मला. आज उत्तर द्यायचंय."

"नाही म्हण!" तो इतक्या पटकन बोलला की स्वतःच दचकला. "म्हणजे... मला तू आवडतेस, रोशनी. पहिल्या दिवसापासून. घरी काय म्हणतील, ठाऊक नाही. पण सांगतो. आजच सांगतो."

रोशनीने हेडसेट वर सरकवला. उन्हाने डोळे दिपले, की आणखी कशाने, कोण जाणे. निहारचे कान लाल झाले होते, पण तिच्यासमोरही त्याने नजर वळवली नाही.

"आये," ती म्हणाली, "मढवाल्यांना नाही कळव."

फळी धुता धुता मंजुळाने सगळं ऐकलं होतंच. तिने निहारला पांढऱ्या बुटांपासून वरपर्यंत न्याहाळलं, ओले हात पदराला पुसले आणि पुढे केले.

"तो डबा इकडं दे गो. मना पन बघू दे, हा कसा बघतो ते."