येते म्हणून गेली

बसला चाळीस मिनिटं उरली होती आणि भर रस्त्यात बॅगेची चेन फाटली. नुसती अडकली असती तरी चाललं असतं. पण नाही! या टोकापासून त्या टोकापर्यंत बॅगेने तोंड वासलं आणि दोन स्वेटर, चपला, पंचवीस विद्यार्थ्यांच्या वह्या, सगळं फुटपाथवर. वरून पाऊस. आपली भिंगरी गुडघ्यांवर बसून वह्या गोळा करतेय आणि पुटपुटतेय, "घ्या! एवढंच राहिलं होतं!"

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. पोरीच्या पायाला भिंगरी लागलीय म्हणून आईनेच ठेवलेलं. परक्या देशात, एका लहानशा शाळेत इंग्रजी शिकवायला येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. पहिली चार दिवसांची सुट्टी मिळाली मात्र, बाईसाहेब निघाल्या समुद्र बघायला.

तेवढ्यात डोक्यावरचा पाऊस थांबला. तिने वर पाहिलं. छत्री होती, छत्रीमागे एक तरुण, कमरेला जाड एप्रन, कानामागे खडूचा तुकडा. त्याने एका हाताने छत्री तिच्यावर धरली आणि दुसऱ्या हाताने मागची पाटी दाखवली. पाटीवर एक बॅग काढली होती आणि एक सुई.

देव कधी कधी अगदी हाकेच्या अंतरावर दुकान थाटतो, ते हे असं.

आत छतापर्यंत बॅगा. चाकांचे डबे, चेनची रिळं, अस्तराच्या कापडाचे गठ्ठे, आणि कोपऱ्यात पायाच्या मशीनवर बसलेले त्याचे बाबा. बाबांना इंग्रजीचा गंध नव्हता. त्याला मात्र थोडंफार यायचं. भिंगरीचं आणि त्याचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, तिचं पुस्तकातलं, त्याचं मोडकंतोडकं. आपण ते आपल्या भाषेत ऐकू, म्हणजे मजा जाणार नाही.

"किती वेळ लागेल?" तिने विचारलं.

"बस कधी आहे?"

"अडतीस मिनिटांनी."

"मग वीस मिनिटं."

"आणि बस तासाभराने असती तर?"

"तर चाळीस," तो खाली मान घालूनच म्हणाला. "टीचरना बसायला खुर्ची दिली असती, गप्पा मारल्या असत्या."

टीचर हे त्याला वह्यांवरून कळलं असणार. भिंगरीला हसू आलं, पण घड्याळाकडे बघून तिने ते आवरलं. त्याने जुनी चेन उसवली, नवी लावली, दाभणाने कोपरे पक्के केले. अठरा मिनिटांत बॅग तयार! तिने पैसे दिले, दहा वेळा आभार मानले, बॅग उचलली आणि दारातून धावता धावता, सवयीने, ओरडली, "आय अ‍ॅम कमिंग हं!"

आणि गेली.

चार दिवसांनी ती परतली तेव्हा तो दुकानाबाहेर स्टुलावर बसला होता. तिला बघून उठला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "टीचर, फार उशीर केलात."

"उशीर? कशाला?"

"तुम्ही म्हणालात, येते. मी दुकान उघडं ठेवलं. पहिल्या दिवशी दीड तास जास्त. बाबा म्हणाले, येईल, बस चुकली असेल. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, तू वेडा आहेस."

भिंगरीला आधी काहीच कळेना. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तिने कपाळावर हात मारला. इंग्रजीची मास्तरीण, आणि ही चूक!

"अहो, आमच्या घरी जाताना 'जाते' म्हणत नाहीत," ती ओशाळून सांगू लागली. "अशुभ वाटतं. 'जाते' म्हटलं की आई तोंडावर हात ठेवते. कितीही लांब जायचं असलं तरी म्हणायचं, 'येते'. म्हणजे जातेय, पण परत येणार आहे."

"ये-ते," त्याने तो शब्द चाखून बघितला. "आणि घरात राहिलेला माणूस काय म्हणतो?"

"तो दारात उभा राहून म्हणतो, 'ये'. म्हणजे जवळच्या माणसाला 'ये'. परक्याला, मोठ्यांना 'या'. आणि दोघंतिघं असली तरी 'या'च." व्याकरण दिसलं की हिला राहवत नसे.

त्याने मान हलवली. मग हळूच विचारलं, "मी कुठलं म्हणायचं?"

भिंगरीचे कान तापले. "ते... ते पुढच्या धड्यात आहे," ती म्हणाली आणि बॅग ओढत चालू लागली. वळणावर तिला राहवलं नाही. "येते!"

"ओके!" तो म्हणाला.

त्या वर्षात ती हिंडली तरी किती! सुट्टी लागली की बॅग उचलायची. बोटीच्या डेकवर झोपली, डोंगरातल्या बसमध्ये एका अनोळखी आजींच्या अर्ध्या शालीत थंडी काढली, एका स्टेशनवर भाषा न येणाऱ्या हमालाने तिला हाताला धरून बरोबर गाडीत बसवलं. माणसं इतकी चांगली असतात? रात्री डोळे मिटताना ती एकेकाला आठवून मनातल्या मनात नमस्कार करायची. आईने जन्म दिला, पण जग बघायला या सगळ्यांनी दिलं, असं तिला अगदी आतून वाटायचं.

परतल्यावर पहिली फेरी दुकानात. काहीतरी मोडलेलं असायचंच; नसलं तर चाकाचा आवाज येतो म्हणायचं. तो बॅग उलटी करून ज्योतिषासारखा सांगत सुटायचा.

"चाकात मीठ. समुद्र. इथे लाल माती, घाटरस्ता. आणि या बॅगेवर कुणीतरी बसलं होतं. जाड माणूस."

"मीच बसले होते!"

"मग जाड नाही," तो घाईघाईने म्हणायचा. "बॅगच कमजोर."

एवढ्या लोकांच्या बॅगा तो दुरुस्त करी, पण स्वतः या शहराच्या बाहेर कधी पडला नव्हता. "तुम्ही सांगा, मी ऐकतो. माझी तिकिटाची कटकट वाचते," म्हणायचा. ती सांगायची, तो टाके घालायचा, बाबा मशीनवरून दोघांकडे बघून न बघितल्यासारखं करायचे. निघताना ती म्हणायची, "येते." तो म्हणायचा, "ओके." दर वेळी तिला वाटायचं, आज म्हणेल. पण कुठलं काय!

इकडे शाळेत वेगळाच गोंधळ. वर्ग सुटताना ती सवयीने 'कमिंग हं' म्हणायची, ते पोरांनी उचललं. एके दिवशी मुख्याध्यापिकाबाई तपासणीला मागे बसल्या होत्या. घंटा झाली तशी पंचवीस पोरं उभी राहिली, एका सुरात ओरडली, "टीचर, वी आर कमिंग!" आणि धाडधाड बाहेर पळाली. मुख्याध्यापिकाबाई रिकाम्या वर्गाकडे बघतच राहिल्या. भिंगरीला ते दुकानात जाऊन कधी एकदा सांगते असं झालं. तेव्हाच तिला कळलं की आपलं काय झालंय. काहीही घडलं की पाय त्याच दिशेने वळत होते.

वर्ष संपत आलं. मुख्याध्यापिकाबाईंनी एक कागद पुढे ठेवला. "आणखी एक वर्ष राहणार असाल तर शुक्रवारी पाचच्या आत सही करा. नाहीतर मला दुसरी टीचर शोधावी लागेल."

भिंगरीने कागद पर्समध्ये ठेवला आणि मनाशी ठरवलं, तो एकदा, फक्त एकदा 'थांब' म्हणाला तर राहायचं. नाही म्हणाला तर आपण होऊन गळ्यात पडायचं नाही. मान काही आहे की नाही माणसाला!

मोठी बॅग घेऊन ती सोमवारी दुकानात गेली. "हिची मूठ सैल झालीय. जरा घट्ट करून द्या. शनिवारी घरी जाते."

त्याचा हात थांबला. "जाते?"

"हो. जाते." ती दुसरीकडे बघत म्हणाली.

तो बराच वेळ मुठीशी चाळा करत राहिला. 'थांब' नाही, 'का' नाही, काही नाही. शेवटी म्हणाला, "उद्या या."

मंगळवारी ती गेली. "स्क्रू नाही. उद्या या." बुधवारी, "अस्तर उसवावं लागेल. उद्या या." गुरुवारी तर त्याने तोंडच दाखवलं नाही, आतूनच आवाज आला, "उद्या!"

अठरा मिनिटांत चेन बसवणारा माणूस! भिंगरीचं डोकं फिरलं. तिने आईला फोन लावला. "काय गं आई, इथले लोकही आपल्या शिंप्यासारखेच झाले! एका मुठीला चार दिवस!"

आई पलीकडून मग म्हणाली, "हा तोच का गं, चाकातलं मीठ ओळखणारा?"

"तुला काय माहीत?"

"वर्षभर दुसरं काय ऐकतेय मी? समुद्राबद्दल दोन वाक्यं आणि त्याच्याबद्दल वीस. अगं वेडाबाई, तो मूठ नाही दुरुस्त करत, तो तुला अडवतोय."

"मग तोंडाने सांगायला काय होतं त्याला?"

"आणि तुला काय होतंय?" आई म्हणाली. तिचा आवाज जरासा ओला झाला होता, पण ती हसत होती. "जा. मला काय, लेक जिथे सुखात तिथे माझा जीव सुखात. फक्त एकदा इकडे घेऊन ये त्याला."

शुक्रवारी चार वाजता भिंगरी दुकानात शिरली. पुन्हा पाऊस. तो कोपऱ्यावर सामान आणायला गेला होता. बाबा एकटेच. तिने बॅगेची खूण केली. बाबांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि सगळ्यात वरच्या फळीवरची बॅग काढून तिच्यापुढे ठेवली. मूठ घट्ट. चाकं नवी. चेनीला तेल. मुठीला बांधलेल्या चिठ्ठीवर काम झाल्याची तारीख होती, सोमवारची.

तेवढ्यात तो आला. भिजलेला. बॅग बघितली आणि दारातच खिळला.

"खोटारडे!" भिंगरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदमच.

"हो," तो म्हणाला. "मी आजपर्यंत कुणाची बॅग अडवली नाही. हे काम करणाऱ्याने बॅग अडवायची नसते, माणसाला जायचं असतं. ही अडवली. मला वाईट वाटतंय..." तो थांबला. "फार नाही. थोडंसं."

"एक शब्द बोलला असतात तर?"

"कुठला? तुम्ही म्हणालात 'जाते'. त्याचं उत्तर तुम्ही मला शिकवलंच नाही, टीचर. मला फक्त 'येते'चं उत्तर येतं. वर्षभर पाठ केलंय... म्हणायचा धीर होत नव्हता. दोन उत्तरं आहेत ना, त्यातलं मला जे म्हणायचंय ते जवळच्या माणसाचं आहे."

भिंगरीने घड्याळ पाहिलं. सव्वाचार. पर्समधला कागद तिने चाचपून बघितला. बॅग तिथेच ठेवली, त्याच्या हातातली छत्री घेतली आणि उंबऱ्यावर उभी राहिली.

"शाळेत एक सही करायचीय," ती म्हणाली. "येते."

तो दारात आला. पावसाचे थेंब त्याच्या पापण्यांवर होते, की पावसाचे नव्हतेच, कोण जाणे. त्याने श्वास घेतला.

"ये," तो म्हणाला.

अगदी शुद्ध! व्याकरणाची एक चूक नाही, उच्चाराची नाही. भिंगरीला वाटलं, आयुष्यात एवढा हुशार विद्यार्थी आपल्याला मिळाला, काय पुण्य केलं होतं आपण! ती पावसातून धावली, सही केली, आणि पाच वाजायच्या आत परत आली. तो अजून दारातच उभा होता. या वेळी त्याला चार दिवस थांबावं लागलं नाही.

"आई विचारत होती," ती धापा टाकत म्हणाली, "तुझ्याकडे स्वतःची बॅग आहे का?"

त्याने छतापर्यंत रचलेल्या बॅगांकडे पाहिलं. "नाही. या सगळ्या लोकांच्या."

"मग शिवायला घे एक. शनिवारचं तिकीट मी पुढच्या महिन्यावर ढकलते, आणि एकाची दोन करते. आणि हे बघ, 'उद्या या' ऐकून घेणार नाही."

बॅग झाली. काळी, साधी, चेन मात्र सगळ्यात भारी. निघायच्या दिवशी दोघं दुकानात बाबांच्या पाया पडायला वाकली. ही पाया पडायची पद्धत त्याला तिनेच शिकवली होती. बाबा गोंधळून पाय मागे घेऊ लागले, मग हसून दोघांच्या डोक्यांवर हात ठेवला. फाटलेल्या एका चेनीचे उपकार कसे फेडायचे माणसाने?

"येतो," तो म्हणाला.

"येते," ती म्हणाली.

बाबांना तिच्या भाषेतला एकच शब्द येत होता. वर्षभर लेकाने आरशापुढे घोकलेला, त्यांनी मशीनवर बसून ऐकलेला. ते उठले, दारापर्यंत आले आणि दोघांकडे बघत म्हणाले,

"ये."

दोघं असली की 'या' म्हणायचं असतं. पण बाईंनी ही चूक सुधारली नाही.