एक्केचाळीस खडे

बसा जरा. घाबरवायला सांगत नाही. मलाच अजून उमगलेलं नाही, म्हणून सांगतो.

मी बारामतीला गणित शिकवायचो. त्र्याण्णवच्या मे महिन्यात माझा जुना विद्यार्थी मल्हार म्हणाला, "सर, आईला पळसदेवातनं माझ्याकडं जळोचीला आणायचीय. माझं ऐकत न्हाय. तुमी सांगून बघा." त्याचे वडील सोनबा मेंढपाळ. आदल्या पावसाळ्यात उजनी धरणाचं पाणी एकाएकी चढलं आणि ते एक्केचाळीस मेंढरांसकट बुडाले.

दुपारी पोचलो. पाणी ओसरून जुनं देऊळ उघडं पडलं होतं. चिखलाला मेल्या मासळीचा वास. मल्हारची आई सारजाबाई पायरीवर बसल्या होत्या, पुढ्यात खड्यांचे सहा ढीग.

"त्येच मांडत्यात," त्या हळूच म्हणाल्या. "मेंढरं कोंडताना एका मेंढरामागं एक खडा ठेवायचे. मोजणी जुळल्याबिगर जागचे हलायचे न्हाईत. अजून मोजत्यातच. मग मी कशी जाऊ, मास्तर?"

मी खडे मोजले. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. ओळीनं मूळ संख्या! बेरीज एक्केचाळीस. कुणी शिकलेला या बाईची थट्टा करतोय असं वाटून मला रागच आला. सोनबांना तर सहीसुद्धा येत नव्हती. पण मास्तरकीची खोड जात नाही. मनात आलं, अकरा, तेरा आणि सतरा, या ओळीनं येणाऱ्या तिघींचीही बेरीज एक्केचाळीसच.

पिशवीतून पाण्याची बाटली काढायला वळलो. परत बघतो तर ढीग तीनच. अकरा, तेरा, सतरा.

"बाई... तुम्ही हलवले?"

"म्या? न्हाय बा..."

त्यांचे हात कोरडे होते. खडे ओले होते.

माझं डोकं चालेना. तरी बाईंना तिथून सोडवायचं होतंच. मी सगळे खडे एका ढिगात लोटले. एक्केचाळीस ही स्वतःच मूळ संख्या. "सोनबा," मी मोठ्यानं म्हणालो, "मोजणी जुळली. बाईंना जाऊ द्या."

सारजाबाईंनी डोळे पुसले, गाठोडं उचललं. चार पावलं गेलो असू. मागं टप्प वाजलं. मग पुन्हा एकदा.

मी जाऊन मोजले. त्रेचाळीस. एक्केचाळीसनंतरची मूळ संख्या तीच, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

"मास्तर," सारजाबाई कुजबुजल्या, "आपल्या दोघांला बी... मोजलं का वो त्येंनी?"

आणि भर दुपारी पाण्याकडून हाळी आली. मेंढरं कोंडायच्या वेळी घालतात, ती.