तीस मुकी सेकंदं

ही गोष्ट खरी आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि जिच्या बाबतीत घडली तिचा तर मुळीच नव्हता. तरीही खरी आहे.

आणि आधीच सांगते, यात मध्यरात्र वगैरे काही नाही. भर दुपार होती. फेब्रुवारीतला मंगळवार, दोन वाजून दहा मिनिटं. ओहायोत एरी सरोवराच्या काठी आमचं काउंटी कोर्ट आहे. मी तिथे तळमजल्यावर कागद स्वीकारायच्या खिडकीत बसायचे. व्हर्ना पाव्हलिक वरच्या मोठ्या दालनात. सव्वीस वर्षं ती कोर्टाची लघुलेखक होती.

कोर्टात जो जे बोलेल ते छोट्या यंत्रावर उतरवायचं, हे तिचं काम. कोण खरं, कोण खोटं, हे तिने बघायचं नाही. माझे कान थेट बोटांना जोडलेत, डोक्याला मधे घेतच नाही, असं ती अभिमानाने सांगायची. कोर्टाचा शिपाई गस तिला चिडवायचा, की बाई, तुझी बोटं जेवायला तरी सुट्टी घेतात का?

खटला ब्रेट हॉलिन नावाच्या पोलिसावर होता. मनुष्यवधाचा.

त्याने कॉर्डेल मेझ नावाच्या चौतीस वर्षांच्या माणसाला एका दुकानासमोर धरलं, पालथं पाडलं, बेड्या घातल्या. आणि बेड्या घातल्यावरही पाठीवरचा गुडघा काढला नाही. सहा मिनिटं. कॉर्डेलला दमा होता. औषधाचा पंप त्याच्या खिशातच सापडला.

सगळा खटला तीस सेकंदांवर येऊन अडला होता.

पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं असं असतं, की बटण दाबलं की आधीची तीस सेकंदंही जपली जातात, पण मुकी. चित्र येतं, आवाज येत नाही. हॉलिनने बटण उशिरा दाबलं. त्या मुक्या तीस सेकंदांत कॉर्डेलचं तोंड हलताना दिसायचं. आवाज सुरू होईपर्यंत तो बोलायचा थांबला होता.

तो काय बोलला हे सांगू शकणारा माणूस जगात एकच उरला होता. हॉलिन.

त्या मंगळवारी हॉलिनची साक्ष चालू होती. सरकारी वकिलाने ती तीस सेकंदं लावली. चित्रफीत चालू असली की व्हर्ना हात मांडीवर ठेवायची. नोंदीत फक्त 'चित्रफीत दाखवली' एवढंच जायचं, तसा त्या कोर्टाचा रिवाज होता.

दालन चिडीचूप झालं.

आणि मग… टप. टप टप.

कोण वाजवतंय, म्हणून व्हर्नाने खाली पाहिलं. तिचीच बोटं चालली होती.

ऐकू तर काहीच येत नव्हतं.

चित्रफीत संपली आणि बोटं थांबली. वकिलाने विचारलं, तो काय म्हणत होता? हॉलिन म्हणाला, "शिव्या देत होता. दम्याचं एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर मी उठलो असतो."

व्हर्नाने तेही उतरवलं. पाच वाजता ती नोंदी तपासायला बसली. 'चित्रफीत दाखवली' याच्या खाली… चार ओळी होत्या. प्रश्न नसलेली उत्तरं.

उत्तर: साहेब, हात देतोय मी.

उत्तर: साहेब, श्वास पुरत नाहीये.

उत्तर: उजव्या खिशात पंप आहे, साहेब.

उत्तर: साहेब.

मग तिने स्वतःची समजूत घातली. आठवडाभर हेच ऐकतेय, पंपाचं माहीत आहे, डोकं थकलंय. तिने ओळी पुसल्या.

सकाळी त्या परत होत्या.

पुन्हा पुसल्या. पुन्हा आल्या.

जज्जबाईंना सांगावं, असं दहादा मनात आलं. पण सांगणार काय? माझे हात आपोआप चालले? तिला वेड्यात काढलं असतं. खटला रद्द होऊन पहिल्यापासून चालला असता, आणि कॉर्डेलच्या आईला ती चित्रफीत पुन्हा बघावी लागली असती. ओपल मेझ रोज पहिल्या रांगेत बसायची, पर्स मांडीवर धरून. व्हर्नाने स्वतःला हेच कारण दिलं. खरं कारण भीती होती. तिने ते मला नंतर कबूल केलं.

शुक्रवारी निकाल ठरवायला आत बसलेल्या ज्युरीने चिठ्ठी पाठवली. त्या तीस सेकंदांबद्दलचं हॉलिनचं उत्तर पुन्हा वाचून दाखवा.

बाराही जण येऊन बसले. अशा वेळी लघुलेखकाने सपाट आवाजात वाचायचं असतं, ना चढ ना उतार. व्हर्ना वाचू लागली. 'चित्रफीत दाखवली' इथपर्यंत आली.

चारही ओळी तिथे होत्या. सकाळीच पुसल्या होत्या. आणि त्यांच्याखाली एक नवी…

उत्तर: मॅडम, वाचा ना.

खुर्चीच्या मागून बारीक आवाज यायला लागला. शिट्टीसारखा. श्वास आत जातोय, पण पुरता जात नाहीये… असा.

जज्जबाईंनाही तो ऐकू आला असावा. त्यांनी गसला हीटर बघायला सांगितलं. गसने हात लावला. म्हणाला, बंद आहे, बर्फासारखा गार आहे.

"पुढे वाचा, मिसेस पाव्हलिक," जज्जबाई म्हणाल्या. व्हर्नासमोर आणखी ओळी उमटत होत्या.

उत्तर: मॅडम.

उत्तर: मॅडम.

ज्युरीतली एक बाई पेन्सिल धरून पुढे झुकली होती. व्हर्नाने फक्त तोंड उघडायचं होतं.

तिने त्या ओळी ओलांडल्या.

"प्रश्न: तो काय म्हणत होता? उत्तर: शिव्या देत होता…" त्याच सपाट आवाजात ती शेवटपर्यंत वाचत गेली. मागचा श्वास अर्ध्यातच थांबला.

चाळीस मिनिटांनी निकाल आला. निर्दोष.

व्हर्नाने धावत जाऊन नोंदी उघडल्या. ओळी गेल्या होत्या. त्यानंतर त्या कधीच आल्या नाहीत.

बाहेर ओपल तिची वाट बघत उभी होती. म्हणाली, "ती फीत चालू असताना सगळे थिजले होते. तुझे हात तेवढे चालले होते. काय लिहिलंस?"

"काही नाही. सवय आहे हातांना."

आठ दिवस व्हर्नाला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी, रविवारी, चर्च सुटल्यावर ती ओपलच्या घरी गेली. ओपलने कॉफी ओतली. व्हर्नाने तो श्वास आणि चारही ओळी सांगितल्या. ओपलने ओळी पुन्हा सांगायला लावल्या.

"साहेब म्हणाला?"

"चारही वेळा."

"मीच शिकवलं होतं. सात वर्षांचा होता. पोलीस दिसला की साहेब म्हणायचं, म्हणजे घरी येशील." मग तिने विचारलं, "आणि हे ज्युरी बसलेली असताना तुझ्याकडे होतं?"

व्हर्नाने होकारार्थी मान हलवली. ओपल उठली, दार उघडून उभी राहिली. व्हर्नाने कोट उचलला, आणि तेवढ्यात…

तोच श्वास. फ्रिजपाशी.

व्हर्ना जागीच थबकली. ओपलला कळलं. तिने दार लावलं, श्वास रोखून कानोसा घेतला. किती तरी वेळ.

"मला नाही येत ऐकू," ती म्हणाली. तिचा चेहरा बघवत नव्हता. "तू बस. काय म्हणतोय ते सांग मला."

तेव्हापासून व्हर्ना दर रविवारी जाते. नोकरी तिने सोडली. एकदा मी विचारलं, खरंच येतं का ऐकू? पहिले तीन रविवार श्वास यायचा, म्हणाली. मग काहीच नाही.

"मग तिला सांगतेस काय?"

"तो जे म्हणाला असता, ते."

सव्वीस वर्षं कोणी न बोललेला एक शब्दही न लिहिणारी बाई ही.

गेल्या रविवारी ती म्हणाली, तो म्हणतोय, आई, दाढ दाखवून घे. ओपलने गालावर हात ठेवला आणि ती रडायला लागली. दाढ दुखतेय हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

व्हर्नालाही ते माहीत नव्हतं. काहीतरी जुळवून सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं होतं, एवढंच तिला आठवतं. आता तिथे जायची तिला भीती वाटते. तरी ती जाते, कारण एकदा तो विनवत असताना ती पुढे वाचत गेली होती.