तेरावी ओळ

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर बाईच्या चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणा. आमच्या घरात दोन्ही मतं आहेत. पण जे घडलं ते माझ्या हातून घडलंय, आणि तो हात अजून माझ्याच मनगटाला आहे.

गेल्या हिवाळ्यातला मंगळवार. दुपारचे साडेतीन. आमच्या घराची मागची खोली.

तिथे मी जुन्या चित्रांच्या नकला रंगवते. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची माणसं, त्यांच्या खिडक्या, त्यांची फळं... लोकांना दिवाणखान्यात टांगायला आवडतात. नवरा शेजारच्या खोलीत कॅनव्हासच्या चौकटी बनवतो.

मी कुठे शिकलेली नाही, म्हणून माझी पद्धत चोरवाटेची. छापील चित्रावर चौकोन आखायचे, कॅनव्हासवर तेवढेच मोठे चौकोन. मग दोन्ही उलटे ठेवायचे, डोकं खाली. पुठ्ठ्याला एक भोक पाडायचं, ते चित्रावर सरकवत न्यायचं आणि एका वेळी एकच चौकोन बघायचा. नाक दिसलं की माणूस मनातलं नाक काढतो आणि फसतो. उलटं ठेवलं की नुसता रंग दिसतो.

म्हणजे आपण काय रंगवतोय, हे मला शेवटपर्यंत कळत नाही.

हे चित्र लेकीसाठी होतं. तिला सातवा महिना लागला होता. याआधी दोनदा आशा निम्म्यातच राहिली होती, त्यामुळे आम्ही सगळे जणू पाय न वाजवता चालत होतो. बाळाच्या खोलीसाठी माझ्या जाडजूड पुस्तकातलं चित्र तिनंच निवडलं. खुर्चीत झोपलेली आई, शेजारी पाळणा, पलीकडे काळपट भिंत. चित्रकार कोण, कुणाला ठाऊक नाही.

त्या दुपारी मी शेवटची उभी ओळ रंगवत होते. शेजारून करवतीचा आवाज येत होता.

तो थांबला.

नुसता करवतीचा नाही... घड्याळाचा, रस्त्याचा, माझ्या ब्रशचासुद्धा.

आणि मग कुणीतरी हळूच श्वास घेतला.

माझ्या मागून नाही... कॅनव्हासच्या बाजूने.

"अहो?" मी हाक मारली.



पुठ्ठ्याच्या भोकात पांढरी बाही होती. मी ती रंगवली. पुढच्या चौकोनात बोटं. तीही रंगवली. हात थांबेचना.

"काय गं, दोन हाका मारल्या!" नवरा चहा घेऊन दारात उभा होता.

"तुमची करवत मधेच का थांबली?"

"थांबली? चहा उकळत होता तेव्हाही चालूच होती, आत्ता खाली ठेवून आलोय. डोळ्यांचं झालं, आता कानांचंही बघ."

आम्ही चित्र सुलटं केलं.

पाळण्यापलीकडे एक बाई उभी होती.

वाकलेली. तोंड पाळण्याकडे, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. एक हात पुढे.

"ही कोण?" नवऱ्यानं विचारलं.

"असेल दाई," म्हणत मी पुस्तक उघडलं.

पुस्तकात बाई नव्हती.

नवऱ्यानं बोट ठेवून ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या. "पुस्तकात बारा. कॅनव्हासवर तेरा."

"तुम्हीच चौकट मोठी केलीत."

"तू लिहून दिलीस तेवढीच केली. चिठ्ठी दाखवू?"

तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच आमचं भांडण अर्ध्यावर सुटलं. कारण दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तेराव्या ओळीला माझा पुठ्ठा पुस्तकाबाहेर गेला होता. टेबलावर. भोकातून टेबलाचं लाकूड दिसायला हवं होतं.

मग मी काय बघून रंगवत होते?

लेकीच्या बाळाशेजारी अनोळखी बाई नको. मी पातं घेतलं आणि ती ओळ कापून टाकली. नवऱ्यानं चौकट लहान केली. पट्टी त्याच संध्याकाळी शेगडीत गेली. कुणाला काही सांगायचं नाही, असं ठरलं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. चित्र भिंतीवर लागलं. मी कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेतला.

तीन आठवड्यांनी मी लेकीकडे दुपट्यांच्या घड्या घालत होते. बाळ रडत होतं. चित्राच्या खोलीत पाळण्यात टेकवलं की आकांत. दुसऱ्या खोलीत नेलं की गप्प.

लेक चित्राकडे बघत म्हणाली, "आई, ती बाई का नाही रंगवलीस?"

"कुठली बाई?" आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

"अगं, पाळण्यावर वाकलेली! तिच्यामुळेच तर हे चित्र निवडलं मी. आई बिचारी दमून झोपलीय. म्हटलं, चला, बाळाजवळ कुणीतरी जागं आहे."

नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मी घरी येऊन दोनदा विचारलं, लेकीला सांगितलंत का. शपथेवर नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुस्तकच नेऊन दाखवलं. लेक बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग तिनं पुस्तक मिटलं.

"नसेल मग," ती म्हणाली. "पण तू तिला परत काढ."

बाळ आता तीन महिन्यांचं आहे. चित्र मी उतरवून घरी आणलं, तरी त्या खोलीत बाळ झोपत नाही. लेकीच्या डोळ्यांखाली काळं आलंय. रोज फोन. "आई, झालं का?"

नवऱ्यानं तेरा ओळींची नवी चौकट करून दिली आहे. बारा रंगवून झाल्या.

तेरावी कोरी आहे.

बाही आठवते. बोटं आठवतात. डोळे मिटूनही काढीन. पण ती बाई मी सुलटी पाहिली जेमतेम पाच मिनिटं, आणि त्यातली चार भांडण्यात गेली. नवऱ्याला विचारलं, तर आधी म्हणाले, "राखण करत होती गं." आणि रात्री जेवताना, ताटाकडे बघत... "नक्की नाही सांगता येत."

मलाही नाही येत.

तो हात बाळाला थोपटायला पुढे आला होता...

की उचलून न्यायला?