पंख्याची दोरी

मुलांनो, डोळे मिटू नका. उघड्या डोळ्यांनीच ही जागा समोर आणा.

तीन बाजूंना काचा असलेला व्हरांडा. रविवारची दुपार. ऊन इतकं, की फरशीवर पाय ठेववत नाही. भुतं रात्रीच येतात, असं कुणी सांगितलं असेल तर विसरा.

हे भरदुपारी घडलं. आणि खरोखर घडलं.

मामींना तो व्हरांडा जुन्या गोऱ्या साहेबांच्या बंगल्यासारखा करायचा होता. वेताच्या खुर्च्या आल्या, लाकडी पट्ट्यांचे पडदे आले, कुंड्यांतून ताडाची रोपं आली. तसल्याच एका मोडीत निघालेल्या बंगल्यातून झालरीचा लांब पंखा आला, आणि त्याच्याच जोडीची लांब हातांची आरामखुर्ची. ती भिंतीलगत ठेवली. पंख्याला वीज नको. तो छताला टांगायचा, दोरी भिंतीच्या भोकातून पलीकडच्या बोळकांडीत सोडायची, आणि तिथे बसून कुणीतरी ओढायची.

"पण ओढणार कोण, वहिनी?" सुताराने विचारलं.

"ही बुटकी आहे ना. नाहीतरी नुसती लोळत असते."

बुटकी म्हणजे मामींची भाची, नऊ वर्षांची. आई गेल्यापासून मामाकडे राहायची. मामा महिनोन्महिने बोटीवर.

"पोरीचे हात सोलतील हो."

"सोलले की घट्ट होतात," मामी म्हणाल्या.

त्या रविवारी मामींच्या मैत्रिणी आल्या. बुटकी बोळकांडीत जमिनीवर बसून दोरी ओढत होती. हात सैल पडला की मामी चपलेची टाच भिंतीवर आपटायच्या.

ठक.

"अगं, पलीकडे इंजिन बसवलंयस की काय?" एक मैत्रीण म्हणाली.

"इंजिनाला तेल लागतं. हिला एक टाच पुरते."

सगळ्या हसल्या.

मग खुर्च्या सरकल्या. व्हरांड्याचं दार वाजलं. बुटकीने दोरी सोडली. तळहातावरचे फोड फुटले होते.

ठक.

तिने घाईने दोरी धरली. मामी अजून आतच आहेत, तिला वाटलं.

इतक्यात बोळकांडीच्या खिडकीतून मामींचं हसू ऐकू आलं... फाटकाजवळून. त्या तिथे उभ्या होत्या, मैत्रिणींच्या गाडीला हात करत.

व्हरांडा रिकामा होता.

ठक... ठक.

आरामखुर्ची करकरली. कुणीतरी उठलं. जड बुटांचे आवाज भिंतीच्या कडेने बोळकांडीच्या दारापर्यंत आले... आणि थांबले.

बुटकीच्या बरगडीत लाथ बसली.

समोर कुणीच नव्हतं.

ती ओढत राहिली. रडली नाही. रडायला श्वास लागतो.

मामी परत आल्या. "आता कुणाला वारा घालतेयस, शहाणे?"

"मामी, आत कुणीतरी आहे. मला थांबू देत नाही."

"कामचुकारपणाची नवी सोंगं. सरक तिकडे." मामींनी दोरी हिसकावली, खाली बसल्या, पाच-सहा हेलकावे दिले. "यात काय मोठंसं?"

आणि दोरी सोडली.

ठक.

मामींनी भिंतीकडे पाहिलं. मग एकदम कळवळून पुढे वाकल्या. लाथ कमरेत बसली होती. त्यांनी चाचपडत पुन्हा दोरी धरली.

"बुटके, घे ही." आवाज बारीक झाला होता. "बाळ, घे ना गं. मला सुटू दे."

बाळ. हा शब्द मामींच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकला.

बुटकीने हात पुढे केला... मागे घेतला. आणि ती व्हरांड्यात गेली.

पंखा छान हलत होता. आरामखुर्ची रिकामी होती. वेत अजून गरम होता... कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा.

ती बसली. टेकून बसली. सोललेले हात खुर्चीच्या लांब हातांवर पसरले.

तिच्या जागी तुम्ही काय केलं असतं, हे मी विचारणार नाही. ते उत्तर ऐकायची मला अजून भीती वाटते.

थोड्या वेळाने पंखा मंदावला. भिंतीपलीकडे मामी हुंदके देत होत्या.

बुटांचा आवाज आला नाही. भिंत वाजली नाही. व्हरांड्यात आता दुसरं कुणीच नव्हतं.

बुटकीने जरा वाट पाहिली...

मग पाय उचलला, आणि टाच भिंतीवर आपटली.