आहे का?

बसा पोरहो, लाइट येईपर्यंत बसा. इन्व्हर्टर विकणाऱ्याच्या घरी अंधार, याच्यावर आधी हसून घ्या. झालं? आता प्रफुलचं सांगतो. ऐकीव नाही. माझ्याच दुकानातून बॅटऱ्या न्यायचा तो.

धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या दहाबारा गावांत प्रफुल इंटरनेट पुरवायचा. प्रत्येक गावात एका घराच्या छपरावर पाइप, पाइपवर डबा. डबा बंद पडला की गाव तुटलं. रोज गाडी कुठे कुठे फिरवणार? म्हणून त्यानं कॉम्प्युटरचा पहारा बसवला होता. माऊस नाही, चित्र नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे. कॉम्प्युटर दर मिनिटाला प्रत्येक डब्याला विचारायचा, आहे का? लागोपाठ तीनदा उत्तर नाही आलं, की प्रफुलच्या मोबाइलवर मेसेज.

मेसेजचे शब्द त्यानं आपल्या तोंडातलेच ठेवले. लाइन गेली, लाइन आली म्हणतो ना आपण, तसे. आणि डबा ज्याच्या छपरावर, त्याचंच नाव डब्याला. एकदा माझ्यासमोर मेसेज आला, 'दसरू गेला.' यानं फोन लावला, तर दसरूभाऊच बोलले, "मी काहाले जातो? चहा पिऊन राह्यलो. तुह्या डब्याची वायर उंदरानं खाल्ली."

मी म्हटलं, "प्रफुल, माणसाचं नाव काढ. नंबर दे. मी बॅटऱ्यांना देतो तसे."

"नंबर कोणाच्या ध्यानात राह्यते, शेटजी?"

त्याच्या स्वतःच्या घरावरच्या डब्याचं नाव होतं रुखमा. त्याची आई. घर तिच्या नावावर.

मागच्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तो बॅटरी न्यायला आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "शेटजी, माय झोपूनच नाई राह्यली. मले म्हणते, रातभर काऊन विचारत राह्यतो बाबू, आहे का, आहे का? दर खेपेले हो म्हणा लागते."

हा तर तिला काहीच विचारत नव्हता. मी थट्टेवारी नेलं. बॅटरी गाडीला बांधून दिली.

त्याच रात्री दोन वाजता त्याचा फोन. आवाज एकदम बारीक. आईच्या खाटेजवळ कॉम्प्युटर घेऊन बसला होता. पडद्यावर प्रश्नाची ओळ यायची. आई झोपेतच म्हणायची, "आहो रे बाबू." मिनिट जायचं. पुन्हा ओळ. "आहो..."

"बंद कर ना ते," मी म्हटलं.

"केलं, शेटजी. नाव खोडलं. कॉम्प्युटर झालं म्हणते. तरी विचारूनच राह्यला."

"मग तीनच्या जागी तीनशे लिही."

टाइप केल्याचा आवाज आला. "लिहिलं."

"वायर काढ."

"काढली..."

फोनमधून मला रुखमाबाई ऐकू आल्या. दमलेल्या. "आता झोपू दे ना, बाबू..."

एक मिनिट गेलं. काही नाही.

"माय, हो म्हण," प्रफुल म्हणाला. "माय... एकदा म्हण."

दुसरं मिनिट.

तो तिला हलवत होता. खाट करकरत होती. मी इकडे फोन धरून उभा. काय सांगणार? मी बॅटरीवाला माणूस...

तिसरं.

खाट थांबली.

मग त्याच्या मोबाइलची टिंग.

त्यानं वाचून दाखवलं नाही. मी विचारलं नाही.

पुढे त्यानं धंदा मोडला. घरावरचा डबा आणि तो मोबाइल माझ्याकडे आणून टाकला. घरात ठेववत नाही म्हणाला. मी दोन्ही इथेच, मागच्या खोलीत, फळीवर ठेवले. डब्याला वायर नाही. मोबाइलमध्ये सिम नाही. रिना, पुढचं ऐकून तू विचारशील, मग मेसेज कुठून? तेच तर मला...

परवा मोबाइल चार्जिंगला लावला. म्हटलं, चालतो का बघू. पडदा उजळला. एक मेसेज होता. आदल्या रात्रीचा.

'रुखमा आली.'

मी प्रफुलला फोन केला. म्हटलं, "घरी काही... कोणी आलं का रे?"



तो हळूच म्हणाला, "इथी तर नाई आली, शेटजी."